गावची जुनी जनगणना कशी वाचायची: आकडे काढणं सोपं, रकाना समजणं कठीण

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो, की इंग्रजांच्या जनगणनेत तुमच्या पणजोबाचं नाव, जात, जमीन सगळं आहे, फक्त तहसीलमध्ये अर्ज टाका. कृपा करून हे ऐकू नका. जनगणनेचा घरोघरी भरलेला कागद कोणाला बघायला मिळत नाही, १९४८ च्या जनगणना कायद्यातच ते बंद केलंय, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. आपल्याला मिळतात ते छापलेले तक्ते. नावं नाही, आकडे. पण ते नीट वाचले तर गावाबद्दल इतकं सांगतात की गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नवल वाटतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला, स्वतःच्या गावापासून सुरुवात केली आणि मग आजूबाजूच्या बऱ्याच गावांचे तक्ते काढून दिले. तेव्हा सरळ कामाचं सांगतो.

आधी काय अपेक्षा ठेवायची ते. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या अहवालांत जात, धर्म, भाषा, धंदा, वय, इतकंच काय आंधळे-बहिरे-कुष्ठरोगी किती हेही आहे, पण ते जिल्हा नाहीतर तहसील पातळीवर. जातवार शेवटचा छापील हिशोब १९३१ चा. गावनिहाय तक्ता सरसकट हाती लागतो तो १९५१ पासून, जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकेत. त्याच्या आधीचं एखाद्या मोठ्या गावाचं, बाजारगावाचं हवं असेल तर जुनं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, बघा.

हस्तपुस्तिका जनगणना विभागाच्या सरकारी वेबसाईटवर स्कॅन करून फुकट ठेवल्यात, डाउनलोड करा. फक्त १९५१ ची महाराष्ट्रात शोधत बसू नका, आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, तिथेच सापडेल. चंद्रपूर म्हणजे जुना चांदा. गडचिरोली १९८१ पर्यंत चंद्रपुरात, गोंदिया १९९१ पर्यंत भंडाऱ्यात, वाशिम १९९१ पर्यंत अकोल्यात. इंग्रजी स्पेलिंग दर दहा वर्षांनी वेगळं असतं, म्हणून सर्च न मारता तहसीलची पूर्ण यादी डोळ्याने वाचा.

गाव म्हणजे मौजा, महसुली गाव, ग्रामपंचायत नाही. गटग्रामपंचायत असेल तर प्रत्येक मौजाची ओळ वेगळी, आणि टोली किंवा बेडा, म्हणजे गावाबाहेरची लहान वस्ती, मूळ मौजातच मोजलेली. वडगाव, पिंपळगाव तर एका तहसीलमध्ये चार-चार निघतात, तेव्हा क्षेत्रफळ जुळवून खात्री करा, लोकसंख्या बदलते पण मौजाचं क्षेत्र सहसा फार बदलत नाही. आणि यादीत गावाचं नाव आहे पण पुढे वस्ती शून्य असेल तर ते रिठ आहे, छपाईची चूक नाही. शिवार आहे, सातबारे आहेत, माणूस नाही. अशी रिठं सोडून देऊ नका, तिथली घरं उठून कुठे गेली ते शेजारच्या गावात विचारा, बहुतेक वेळा एखादं आडनाव तिथूनच आलेलं असतं.

आकडे वहीत उतरवणं हे एका दुपारचं काम.

आता खरी अडचण. रकान्याचं नाव तेच राहतं आणि आतला अर्थ बदलतो. मी इथे फार मोठी चूक केली होती, आणि तीच चूक मला गावच्या इतिहासाच्या पुस्तिकांत परत परत दिसते, म्हणून जरा लांब सांगतो. आमच्या भागातल्या एका गावाच्या तक्त्यात अनुसूचित जातीचा आकडा १९६१, १९७१, १९८१ तिन्ही वेळा अगदी थोडा होता, आणि १९९१ मध्ये एकदम काही पटीने वाढलेला. मी लिहून टाकलं की ही वस्ती बाहेरून येऊन १९८१ नंतर वसली. गावात वाचून दाखवलं तेव्हा बौद्धपुऱ्यातली एक आजी उठून म्हणाली, "काहून रे बाबू, आमी बाहेरून कधी आलो? माया सासऱ्याचा जलम अठीचाच आहे." मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधत बसलो तेव्हा समजलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, त्यानंतर गावागावात लोक बौद्ध झाले. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ मध्ये बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ मध्ये साधारण २७ लाख ९० हजार. आणि तेव्हाच्या नियमाने बौद्ध माणूस अनुसूचित जातीच्या रकान्यात धरला जात नव्हता. तो नियम १९९० मध्ये बदलला. म्हणून १९६१ पासून तीन जनगणना ही माणसं त्या रकान्यात नाहीत आणि १९९१ मध्ये परत दिसतात, राज्याचं प्रमाणच १९८१ मधल्या सातेक टक्क्यांवरून अकराच्या वर गेलं. गावाच्या प्राथमिक तक्त्यात धर्माचा रकाना नसतो, त्यामुळे तिथे बौद्ध म्हणूनही ती दिसत नाहीत. म्हणजे ज्या लोकांनी एवढा मोठा निर्णय घेतला त्यांनाच आपण "बाहेरून आलेले" म्हणून बसतो. माझं ठाम मत आहे, विदर्भातल्या कोणत्याही गावाचा हा रकाना या टिपेशिवाय छापूच नये.

अनुसूचित जमातीचंही तसंच. आपल्याकडे आधी फक्त मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा काही तहसीलमधल्या गोंड, कोलाम वगैरे लोकांना जमात म्हणून मोजायचे, ती तहसीलची अट १९७६ च्या कायद्याने काढली. त्यामुळे वर्धा-नागपूरकडच्या गावात १९७१ ला शून्य आणि १९८१ ला दीडशे असं दिसलं तरी कोणी कुठून आलं नाही, तोच गोंडपुरा आहे.

तिसरा सापळा कामाच्या रकान्यांचा. १९५१ मध्ये शेतमजूर या वर्गात मजुराची लहान पोरं आणि म्हातारी आईसुद्धा धरलीये, कारण तेव्हा कुटुंब कशावर जगतं त्यावरून घरच्या सगळ्यांना त्याच वर्गात टाकलं होतं. १९६१ मध्ये फक्त काम करणारे, पण व्याख्या सैल, हंगामात रोजचं तासाभराच्या वर नेमानं काम केलं तरी कामगार. १९७१ मध्ये "मुख्य काम काय" हा प्रश्न पहिला आला आणि जी बाई निंदण करते, कापूस वेचते आणि घरी येऊन चूल पेटवते ती घरकाम म्हणून लिहिली गेली. तक्त्यात बायांचा आकडा धाडकन खाली. "१९६० नंतर स्त्रिया शेतीतून बाहेर पडल्या" असं वाक्य मी दोन तरी पुस्तिकांत वाचलंय, आमच्या आयांना विचारलं असतं तरी समजलं असतं. १९६१ ची १९७१ शी तुलना या रकान्यात करूच नका. १९८१ पासून मुख्य आणि सीमांत (वर्षात सहा महिन्यांहून कमी काम असलेले) असे दोन भाग झाले, तिथून पुढे दोन्हींची बेरीज धरून चाला.

म्हणून प्रत्येक हस्तपुस्तिकेच्या सुरुवातीला व्याख्यांची जी पानं असतात ती आधी वाचा. कंटाळवाणी आहेत, पण वाचा.

साक्षरता आणि घरांचा आकडा सोपा आहे. फक्त १९९१ पासून साक्षरतेची टक्केवारी सात वर्षांवरच्या लोकांतून काढतात, जुन्या वर्षांची टक्केवारी शेजारी ठेवायची तर सांभाळून.

नावं हवी असतील तर जनगणना सोडून कोतवाल बुकाकडे या. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवायचा, त्यात बापाचं नाव, जात असते, आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळते. १९१८ ची वही टिकली असेल तर ती आधी काढा, त्या वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली होती, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडची लोकसंख्या १९११ ते १९२१ मध्ये वाढलीच नाही ते का, हे त्या वहीतल्या मृत्यूंच्या पानांवर दिसतं. सोबत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. मोडी किंवा घाईतलं अक्षर असेल तर फोटो काढून आणा, तिथे उभं राहून वाचायचा आग्रह नको.

शेवटी तक्ता घेऊन गावात बसा, पण प्रत्येक पुऱ्यात वेगळं बसा, फक्त पाटलाच्या वाड्यावर नाही. जिथे आकडा उडी मारतो तिथे बोट ठेवून विचारा. मी त्या आजीकडे परत गेलो, दोन दुपारी बसलो, आणि छप्पन साली नागपूरला कोण कोण गेलं होतं त्या घरांची नावं त्यांनी एकेक करून सांगितली. तक्त्यात १९६१ च्या त्या आकड्याखाली आता ती नावं लिहिलेली आहेत.