लहान गोल पेशींच्या गाठी आणि एफएनएसी: या चुका टाळा

एफएनएसीच्या, म्हणजे बारीक सुईने गाठीतून काढलेल्या पेशींच्या, स्लाइडवर जेमतेम सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव) असलेल्या निळ्या गोल पेशींची दाटी दिसली की डोक्यात संभाव्य कर्करोगांची यादी आपोआप सुरू होते: ईविंग सार्कोमा, न्यूरोब्लास्टोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, विल्म्स ट्यूमर, लिम्फोमा. यादी सगळ्यांनाच पाठ असते. घोळ बहुतेक वेळा त्याच्या आधीच, स्मिअर काढताना, म्हणजे सुईतला माल स्लाइडवर पसरवताना झालेला असतो.

या पेशी फार नाजूक. जोर लावून स्लाइड ओढली की केंद्रकं फुटतात आणि क्रोमॅटिनच्या (केंद्रकातल्या जनुकद्रव्याच्या) नुसत्या रेघा उरतात. हात हलकाच हवा. पॅप रंगाची स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये जायला हवी. वाळली तर केंद्रकं फुगून पुसट होतात. जिम्सा या दुसऱ्या रंगाची मात्र पूर्ण वाळलेली हवी. एकावर भागवू नका. केंद्रकाचा बारकावा पॅपमध्ये दिसतो, पण लिम्फोमातल्या लिम्फोग्लँड्युलर बॉडीज, म्हणजे सायटोप्लाझमचे तुटलेले फिकट निळे तुकडे, जिम्सातच नीट कळतात. ईविंगमधल्या फिकट आणि गडद अशा दोन तऱ्हेच्या पेशीही तिथेच उठून दिसतात.

रोझेट, म्हणजे पेशींचं फुलासारखं कडं, दिसला की न्यूरोब्लास्टोमा, ही आणखी एक घाई. रोझेट ईविंगमध्येही सापडतात. पेशींच्या मधलं तंतुमय न्यूरोपिल (मज्जातंतूंचं बारीक जाळं) शोधा, आणि मुलाचं वय व गाठीची जागा विचारल्याशिवाय नाव ठरवू नका.

सगळ्यात महागात पडतो तो सीडी९९ या मार्करवरचा (खास रंगाने शोधलं जाणारं पेशीतलं प्रथिन) आंधळा विश्वास. समजा, मुलाच्या हाडात गाठ आहे, सीडी९९ पॉझिटिव्ह, एलसीए (पांढऱ्या रक्तपेशींचा मार्कर) निगेटिव्ह. लगेच ‘ईविंग’ लिहावंसं वाटतं. पण लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा नेमका असाच फसवतो: सीडी९९ असतो, एलसीए कधी कधी नसतो, ईविंगमध्ये दिसणारा एफएलआय१ हा मार्करसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतो. पॅनलमध्ये, म्हणजे तपासायच्या मार्करांच्या संचात, टीडीटी (अपक्व लिम्फ पेशींचा मार्कर) नसेल तर तो निसटलाच. डेस्मिन या स्नायूच्या मार्करचंही तसंच. डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमरमध्ये तो ठिपक्यासारखा येतो. रॅब्डोमायोसार्कोमा म्हणायला केंद्रकात मायोजेनिन हे स्नायूपेशींचं प्रथिन हवं. ईडब्ल्यूएसआर१ या जनुकाची ब्रेक-अपार्ट फिश (जनुक तुटलंय का हे दाखवणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली तरी ते ज्याला जोडलं गेलंय ते जोडीदार जनुक कळत नाही, कारण डेस्मोप्लास्टिक ट्यूमरमध्येही हेच जनुक तुटतं. तिथे जोडीदार डब्ल्यूटी१ असतो. फिश निगेटिव्ह आली तर सीआयसी आणि बीसीओआर या जनुकांच्या बदलांमुळे होणारे सार्कोमा आठवा.

एवढ्या चाचण्यांना माल लागतो, आणि तो आधीच संपलेला असतो. म्हणून सुई आत असतानाच ठरवा: एखादा पास (सुईची एक फेरी) सेल ब्लॉकला, म्हणजे पेशी मेणात घट्ट करून काप घेण्यासाठी, आणि लिम्फोमाची शंका असेल तर एक फ्लो सायटोमेट्रीला (जिवंत पेशी यंत्रातून तपासायला), तोही फॉर्मॅलिनमध्ये न टाकता.

माल अपुरा असेल तर रिपोर्टात ‘लहान गोल पेशींची गाठ, पुढील वर्गीकरणासाठी बायोप्सी आवश्यक’ एवढंच लिहायला लाजू नये. न्यूरोब्लास्टोमाचं हिस्टॉलॉजिकल वर्गीकरण तसंही एफएनएसीवर होत नाही. मात्र लिम्फोमाची शंका असेल तर रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू झालं, तर बायोप्सीत मेलेल्या पेशींशिवाय फारसं काही हाती लागत नाही.