यूएसबी डिस्क सोडली, मिरर केला

माझ्या सर्व्हरची यूएसबी डिस्क अधूनमधून गायबच व्हायची. लॉगमध्ये दर वेळी यूएसबी रीसेट, म्हणजे जोडणी तुटून पुन्हा सुरू झाल्याची नोंद. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक शून्य. शेवटी तिच्या यूएसबी केसमधून काढून थेट साटा पोर्टला (मदरबोर्डवरची डिस्क जोडायची जागा) जोडली, तेव्हा कुठे ती टिकली.

मग स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडेवारी पाहिली: पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आलेले संशयित भाग, ८. हे दुखणं अंगावर काढू नये. ४-४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन झेडएफएस या फाइल सिस्टिमचा मिरर केला, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. निम्मी जागा जाते, पण एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. घेताना सीएमआरच (डेटाचे ट्रॅक वेगवेगळे लिहिणारी डिस्क) बघा; एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) स्वस्त पडते, पण रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या, वेळी जीव खाते. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावलाय.

चुकून पुसलेली फाइल मात्र मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून जाते, म्हणून फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी.