गाठीचा रिपोर्ट हातात आला? आधी हे तीन शब्द शोधा

आमच्या गावात दोन वर्षांत दोघींना छातीत, म्हणजे स्तनात, कॅन्सरची गाठ निघाली. एक माझी मोठी जाऊ आणि दुसरी वेशीजवळच्या घरातली काकू. काकूचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला अन् रोजची एक गोळी सुरू झाली, संपलं. आमच्या जाऊला मात्र आधी साडेपाच महिने किमोची (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या औषधाची) सलाईन, मग ऑपरेशन, मग शेक, आणि वरून दर २१ दिवसांनी इंजेक्शन. कापूस वेचता वेचता बाया मला विचारायच्या, "तिले नुसती गोळी अन् इले सलाईनवर सलाईन, काहून वो? डॉक्टर लुटून त नाई रायला?" खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

तर गोष्ट अशी आहे की छातीचा कॅन्सर हा एक आजार नाहीच, निदान तीन वेगळे आजार आहेत, गाठ बाहेरून दिसते सारखी पण आतून जात वेगळी, आणि गेल्या २०-२५ वर्षांत जी नवी औषधं आली ती बहुतेक जात बघूनच दिली जातात. म्हणून शेजारणीचं औषध तुमच्या घरी लागू होईलच असं नाही. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते कळायला हवं म्हणून हे लिहितेय, मी स्वतः डॉक्टर नाही, दीड वर्ष फाईल घेऊन नागपूरच्या चकरा मारलेली बाई आहे.

सगळ्यात आधी तुकडा तपासणी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बारीक सुईने पाणी काढून "कॅन्सर आहे" एवढंच लिहून देतात, त्याने जात कळत नाही. जाड सुईने गाठीचा तुकडा काढायला सांगा, त्याला बायोप्सी म्हणतात. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो हे साफ खोटं आहे, उलट बायोप्सी न करता डायरेक्ट गाठ कापून टाकली तर पुढचं सगळं नियोजन बिघडू शकतं. आमच्या वेळी काय झालं, तालुक्याला तुकडा काढला, बाटली माझ्याच हातात दिली की नागपूरच्या लॅबला नेऊन द्या, मी पर्समध्ये ठेवून एसटीने घेऊन गेले. लॅबवाल्याने झाकण उघडलं आणि म्हणे ताई हे तर सलाईन आहे, फॉर्मलिन (तुकडा खराब होऊ न देणारं औषध) कुठंय. तुकडा वाया गेला, पुन्हा सुई, पुन्हा रडारड, आणि तीन आठवडे गेले ते वेगळेच. म्हणून बाटली हातात घेताना विचाराच, "यात फॉर्मलिन टाकलं ना?" आणि तुकड्याचा जो मेणाचा ब्लॉक बनतो तो आणि तुकड्याच्या काचा (स्लाईड) लॅबमधून मागून जपून ठेवा, दुसऱ्या दवाखान्यात गेलात की पहिले तेच मागतात.

आता ते तीन शब्द. रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू (ER, PR, HER2) अशी नावं असतात. ईआर-पीआर म्हणजे गाठ बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढते की नाही, त्यापुढे टक्के लिहिलेले असतात, एक टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. हर-टू म्हणजे गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन, त्यापुढे ०, १+, २+ नाहीतर ३+ असतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आलं की गाडी अर्ध्यात अडकते, तेव्हा फिश नावाची आणखी एक टेस्ट त्याच ब्लॉकवर करावी लागते, पैसे लागतात म्हणून लोक टाळतात पण टाळू नका, सगळी ट्रीटमेंट त्यावर फिरते. तिन्ही निगेटिव्ह आले तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

काकूचा होता हार्मोनवाला. यात टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी अजूनही चांगलं काम करते, आणि पाळी गेलेल्या बायांना बहुतेक लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देतात. निदान पाच वर्षं घ्यायची, काहींना दहा. यात सगळ्यात मोठी चूक आपलीच होते, वर्षभरात बरं वाटतं आणि गोळी बंद. करू नका बाप्पा. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून लाल गेलं तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. या प्रकारात नवं काय आलं तर पालबोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब या गोळ्या, हार्मोनच्या गोळीसोबत घ्यायच्या. आजार हाडात किंवा लिव्हरमध्ये पसरलेला असला तरी यांनी बराच काळ आटोक्यात राहतो आणि कित्येक जणींची किमो पुढे ढकलली जाते. पालबोसिक्लिबचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या खूप स्वस्त मिळतात, त्यामुळे त्याआधी कोणी "ती लय महाग हाय" म्हणून सांगितलं असेल तर परत चौकशी करा. पहिल्या दोन्ही २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद ठेवायच्या असतात, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त तपासत राहावं लागतं, रायबोसिक्लिबला ईसीजीपण लागतो, अबेमासिक्लिबला जुलाब होतात. आणि हो, पपनस-चकोतऱ्यासारखी फळं या गोळ्यांसोबत चालत नाहीत, आपला नागपुरी संत्रा चालतो, हे मी मुद्दाम विचारून आले कारण काकूकडे बगीचाच आहे संत्र्याचा.

हार्मोनवाल्या आजारात किमो लागेलच असं नाही हेही नवीनच. गाठीच्या जीन्सची टेस्ट करून धोका कमी आला तर किमो टाळता येते. टेस्ट महाग आहे, सगळ्यांना लागतही नाही, पण "किमोने मला कितीसा फायदा होईल?" हा प्रश्न फुकट आहे, तो विचारा.

आमच्या जाऊचा हर-टू ३+. पूर्वी हा सगळ्यात वाईट समजायचे, चटकन पसरणारा. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि चित्रच पालटलं, आता भारतात बनलेलं तसंच इंजेक्शन मिळतं म्हणून किंमत बरीच खाली आली. साधारण वर्षभर दर २१ दिवसांनी. हृदयावर ताण येऊ शकतो म्हणून दर तीन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायचा, तो चुकवायचा नाही. गाठ मोठी असली किंवा काखेत गेलेली असली तर आधी किमो आणि इंजेक्शन देतात, ऑपरेशन नंतर. घरचे इथेच घाबरतात, आमचे भासरे तर भांडायलाच निघाले होते की गाठ अंगात ठेवून सलाईन कायले देता. कारण असं की गाठ लहान होते, छाती वाचू शकते आणि औषध लागू पडतंय की नाही ते डोळ्यासमोर दिसतं. जाऊच्या गाठीत आधीच एक बारीक धातूची क्लिप सोडून ठेवली होती, म्हणजे गाठ विरघळून गेली तरी सर्जनला जागा सापडते. ऑपरेशननंतर काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक निघाला तर टी-डीएम-वन नावाचं पुढचं इंजेक्शन असतं, त्याने आजार परत येण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. म्हणून ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आल्यावर "काही उरलं होतं का?" हे विचारायला विसरू नका.

इंजेक्शन स्वतः विकत घेऊन जवळच्या दवाखान्यात लावून घेणार असाल तर ते २ ते ८ डिग्रीतच राहायला पाहिजे. आम्ही नंतरचे डोस नागपूरहून आणून यवतमाळला लावले. थर्माकोलचा डबा, तळाशी बर्फाच्या पिशव्या, वर टॉवेलची घडी, त्यावर बाटली, आणि मांडीवर डबा. बर्फाला बाटली चिकटू द्यायची नाही, गोठलं तर इंजेक्शन खराब. बसमध्ये एकाने विचारलं, "कुल्फी हाय का ताई?"

याच गटात अजून एक मोठी गोष्ट झाली. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान म्हणून इंजेक्शन आहे, किमोचं औषध थेट गाठीपर्यंत नेऊन सोडणारं. २०२२ पासून ते पसरलेल्या आजारात ज्यांचा हर-टू फक्त १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ आहे त्यांनाही देतात. म्हणजे जुन्या रिपोर्टवरचं "निगेटिव्ह" बघून विषय बंद करू नका, आकडा किती होता ते बघा. केंद्र सरकारने २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये यावरची कस्टम ड्युटी माफ केली तरी ते आपल्यासारख्याला परवडणारं नाहीच, खरं सांगते. यावर असताना कोरडा खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, फुप्फुसाला सूज येऊ शकते.

ट्रिपल निगेटिव्ह जास्त करून तरुण बायांत दिसतो, आणि इथे ना हार्मोनची गोळी चालते ना हर-टूचं नेहमीचं इंजेक्शन (पसरलेल्या आजारात १+, २+ चं वर सांगितलं ते सोडून), किमोच मुख्य. पण यातही मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने चांगलं काम केलंय, ऑपरेशनआधीच्या किमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध जोडलं तर ५० च्या आतल्या बायांना जगण्यात फायदा झाला, २०२२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. इम्युनोथेरपीचं, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती कामाला लावणारं, पेम्ब्रोलिझुमॅबही सुरुवातीच्या आजारात २०२१ पासून अमेरिकेत मंजूर आहे, खर्च मात्र डोळे फिरवणारा. या बायांनी ब्राका (BRCA) जीनमध्ये आई-बापाकडून आलेला बिघाड आहे का, ही रक्त तपासणी जरूर विचारावी. बिघाड निघाला तर ओलापारिब गोळीचा रस्ता उघडतो, शिवाय बहिणी-मुलींनाही सावध करता येतं.

आता शंभर रुपयांच्या आतली गोष्ट. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमने १६०० बायांवर अभ्यास केला, ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती बधिर करायचं साधं इंजेक्शन द्यायचं, लिग्नोकेन, दातवाला देतो तेच. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. २०२३ ला छापून आलंय. ज्या बायांचं किमो न देता सरळ ऑपरेशन होणार त्यांच्यावरचा हा अभ्यास होता, तुमचं तसं असेल तर सर्जनला आधीच्या दिवशी विचारा, फार तर नाही म्हणतील.

ऑपरेशन म्हणजे पूर्ण छाती काढणंच असंही नाही. गाठ काढून शेक दिला तरी आयुष्य तेवढंच, हे फार आधी सिद्ध झालंय. काखेतल्या सगळ्या गाठी (या कॅन्सरच्या नव्हे, सगळ्यांच्याच काखेत असणाऱ्या लसिका ग्रंथी) काढायच्या ऐवजी निळी शाई सोडून पहिल्या दोन-चार गाठीच तपासतात, त्यात आजार नसला तर बाकीच्या तशाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी जाऊने लघवी हिरवी-निळी झाली म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. शाईच असते ती, घाबरू नका.

शेक, म्हणजे लाईट, पूर्वी पाच आठवडे चालायचा. आता बहुतेक ठिकाणी तीन आठवडे, आणि काही जणींना फक्त पाच दिवसांचा कोर्स बसतो. पेरणीच्या दिवसात नागपूरला खोली करून राहणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं.

किमो चालू असताना ताप १०० च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका, रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप जीव घेऊ शकतो. आम्ही गावातल्या जीपवाल्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता.

पैशाचं थोडक्यात. फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान मिळून घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जा आणि औषधाचं नाव घेऊन विचारा की हे पॅकेजमध्ये बसतं का, नुसतं "योजना लागते का" विचारलं की नुसतं "हो" मिळतं. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एम्स आहे, इकडे सेवाग्राम. सुरुवातीलाच मुंबई गाठायची गरज नसते. जावंच लागलं तर दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथे राहतात, आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं, त्यासाठी दवाखान्याचा फॉर्म भरून घ्या.

जाऊ यंदा वेचणीला यायला लागली. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला काटा-कापलं होऊ द्यायचं नाही, त्या हातात सुई-बीपी नाही, आणि ओझं दुसऱ्या हाताने. तो हात सुजू शकतो, आणि सुजेची खूण डॉक्टरपेक्षा तिलाच आधी कळते. तिने त्या हातात एक जुनी बांगडी ठेवलीय, रोज संध्याकाळी फिरवून बघते. ती घट्ट लागली की दुसऱ्याच दिवशी दाखवायला निघायचं असं आमचं ठरलंय.