गेम चालत नाही म्हणून वेलँडला शिव्या घालायच्या आधी हे बघा

लिनक्सवर विंडोजचा गेम अडला की लगेच कोणीतरी सांगतो, वेलँडमुळे होतंय, एक्स११ वर परत जा (लिनक्सवर स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा, वेलँड नवी, एक्स११ जुनी). बहुतेक वेळा घोळ भलतीकडेच असतो. डिस्प्लेची पाळी सगळ्यात शेवटी येते, म्हणून खालच्या क्रमानेच जा.

डाउनलोडला लावायच्या आधी प्रोटॉनडीबीवर गेमचं नाव टाका (प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, कुठला गेम त्यावर कसा चालतो ते खेळणारे या साइटवर लिहितात). नुसता गोल्ड-प्लॅटिनमचा बिल्ला बघून खूश होऊ नका, खालचे रिपोर्ट वाचा आणि त्यातही तारीख आणि ग्राफिक्स कार्ड बघा. ऑनलाइन मल्टिप्लेअर असेल तर खरा प्रश्न अँटीचीटचा, म्हणजे फसवाफसवी पकडणाऱ्या प्रोग्रॅमचा. इझी अँटीचीट आणि बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते गेमवाल्या कंपनीने चालू करून द्यावं लागतं आणि बरेच जण देत नाहीत. व्हॅलोरंट, फोर्टनाइट विसराच. एपेक्स लेजंड्स तर छान चालायचा, २०२४ मध्ये त्यांनीच लिनक्सला दार बंद केलं. अशा गेमसाठी सेटिंग्ज उलटसुलट करत बसणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

मग ड्रायव्हर. प्रोटॉन म्हणजे स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा जुना प्रोग्रॅम) चढवलेला साज, २०१८ साली आला. त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सच्या (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) ८ ते ११ व्हर्जनचे कॉल व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) बदलतं, १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. दोन्ही रस्ते व्हल्कनलाच जातात, त्यामुळे व्हल्कन नीट नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो चालवा, त्यात तुमच्या कार्डाचं नाव यायला पाहिजे, नुसतं एलएलव्हीएमपाइप दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि सगळा भार सीपीयूवर पडतोय. एएमडी-इंटेलला मेसा (त्यांचे ओपन सोर्स ड्रायव्हर) अपडेट ठेवा, एनव्हिडियाला त्यांचा ड्रायव्हर टाका, आणि ३२-बिट लायब्ररी विसरू नका, जुने गेम त्यावाचून उघडतच नाहीत. कार्ड इतकं जुनं असेल की व्हल्कन १.३ नाहीच, तर प्रोटॉन ८ किंवा त्यापुढचं काही लावू नका, ७ वर रहा.

आता स्टीम. जुनं व्हर्जन असेल तर सेटिंग्जमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (म्हणजे प्रोटॉन वापरायची सोय) चालू आहे ना बघा, २०२५ पासून ते आपोआप चालू असतं. एखादा गेम नखरे करत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमधून प्रोटॉनचं व्हर्जन बदलून बघा, आधी एक्सपेरिमेंटल, मग जीई-प्रोटॉन (व्हॉल्वच्या बाहेर बनणारी प्रोटॉनची सुधारित आवृत्ती). आणि कृपा करून विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरून गेम चालवू नका! प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कंपॅटडेटा फोल्डरमध्ये एक छोटं खोटं विंडोज उभं करतं, त्यात ‘सी:’ नावाची लिंक असते, आणि कोलनवालं नाव विंडोजला चालत नाही, तिथून पुढे जे काही होतं ते फार वैतागवाणं असतं.

तरी अडलं तर लॉग, म्हणजे काय काय झालं त्याची नोंद, काढा. लॉन्च ऑप्शन्समध्ये प्रोटॉन अंडरस्कोर लॉग इक्वल टू एक, मग स्पेस, मग दोन परसेंटच्या मधे कमांड (पहिला भाग कॅपिटलमध्ये, कमांड स्मॉलमध्ये). होम फोल्डरमध्ये गेमच्या नंबरची फाइल येईल, शेवटून वर वाचत जा. कंपॅटडेटातलं फोल्डर उडवून नव्याने सुरू केलं की पण बरेच गेम सरळ होतात, फक्त आधी सेव्ह फाइल्स कॉपी करा, क्लाउड सेव्ह नसेल तर त्या तिथेच असतात आणि फोल्डरबरोबर जातात.

एवढं करून गेम चालतोय पण चित्र फडफडतंय, फाटतंय, तर मग डिस्प्ले. एक्स११ हे १९८७ चं, वेलँड सुरू झालं २००८ मध्ये, आणि भांडण अजून चालूच आहे. वेलँडवाल्यांचा हट्ट की प्रत्येक फ्रेम परफेक्ट दिसली पाहिजे, गेमवाल्यांना फ्रेम फाटली तरी चालते पण माउस लगेच हलला पाहिजे. टेअरिंगला, म्हणजे फ्रेम फाटू द्यायला, परवानगी देणारा प्रोटोकॉल २०२२ मध्ये आला, कलर मॅनेजमेंटचा २०२५ मध्ये, वर्षानुवर्षं चर्चा करून. माझ्या मते वेलँडची दिशा बरोबर आहे, पण ज्याला आज खेळायचंय त्याला चर्चा संपेपर्यंत थांब म्हणणं हा उद्धटपणाच झाला.

गंमत अशी की वेलँडमध्ये बसूनही प्रोटॉनचा गेम सहसा एक्सवेलँडमधूनच (वेलँडच्या आत चालणारा एक्स) जातो, म्हणजे गेमला समोर एक्सच दिसतो. एनव्हिडियावर मागची फ्रेम मधेच चमकून जायची ती याच सांध्यात, एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम पुरी तयार झाली हे स्पष्ट कळवायची सोय) नसल्यामुळे. ड्रायव्हर ५५५ आणि एक्सवेलँड २४.१ पासून ते आलं, त्याहून जुनं काही असेल तर आधी अपडेट करा, कंपोझिटरसकट (सगळ्या खिडक्या जोडून स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम). तरी शंका असेल तर लॉगआउट करा, लॉगिन स्क्रीनवर एक्सचा सेशन निवडा आणि तोच गेम, तीच जागा, तीच सेटिंग्ज ठेवून मँगोहड या मोजमाप दाखवणाऱ्या टूलमध्ये फ्रेमटाइमची (एकेका फ्रेमला लागलेला वेळ) रेघ बघा, नुसता एफपीएस नाही. नोम या डेस्कटॉपमध्ये ४९ व्हर्जनपासून एक्सचा सेशन मुळातच मिळत नाही, तिथे गेमस्कोपमध्ये (व्हॉल्वचा फक्त गेमसाठीचा कंपोझिटर) गेम उघडून बघा. दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे असतील तर मात्र वेलँडवरच रहा, एक्समध्ये त्याचं कधीच धड जमलं नाही.

जीई-प्रोटॉनमध्ये एक्सवेलँड टाळून थेट वेलँडवर जायचा स्विचपण आहे, पण त्यात स्टीमचा ओव्हरले (गेमवरच उघडणारी स्टीमची खिडकी) गायब होतो, तेव्हा एचडीआर (जास्त उजळ आणि खोल रंग) हवं असेल तरच त्याच्या मागे लागा.