पाणी चढायच्या आधी: नदीकाठच्या मंडळीची पूरसेवेची तयारी

मृग निघण्याआधी सेशनची, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींची, एक बैठक फक्त पुरासाठी ठेवा. त्या दिवशी रंगकाम, ध्वनिवर्धक, वार्षिक सभा हे विषय काढू नका. मिरज, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या आपल्या मंडळ्यांना सेवाकार्य नवे नाही. मिशनरी वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. गावाला त्या वेळी जे हवे होते ते त्यांनी उभे केले. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिल्यावर आज काठावरच्या माणसाला काय हवे हे विचारत बसायला नको. नाताळात ब्लँकेटे वाटून वर्षाची सेवा झाली असे मानणे मला पटत नाही.

बैठकीत पहिल्यांदा माणसे वाटून घ्या. निर्णय वडीलमंडळींनी घ्यावा, रोजचे काम डीकनांनी, म्हणजे सेवेसाठी नेमलेल्या सेवकांनी, सांभाळावे, ही आपली रीत इथे फार उपयोगी पडते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सात जणांची निवड झाली, ती रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते म्हणून. आपली यादीही तिथूनच सुरू करा: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवर असलेले, ऐकू न येणारे. मंडळीतले आणि मंडळीबाहेरचे असे दोन कागद करू नका. आशाताईंना हाताशी धरून गल्लीवार फिरलात तर एका रविवारच्या दुपारी ही यादी होते. प्रत्येक नावापुढे त्याला आणायला कोण जाणार हे लिहा, आणि तो माणूस गावाला गेला तर दुसरा कोण, हेही.

मग आकडे पाठ करा. सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. पाणी इशारा पातळीला टेकले की हॉल उघडायचा, असा ठराव आत्ताच वृत्तांतात घालून ठेवा. म्हणजे भर पावसात रात्री किल्ली कोणाकडे आणि परवानगी कोणाची, हा घोळ होत नाही. एका तरुणाने कोयना, राधानगरी आणि अलमट्टी धरणांच्या विसर्गाच्या सरकारी बातम्यांवर नजर ठेवावी. फॉरवर्ड आलेले मेसेज पुढे ढकलू नयेत. 112, 108 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हे नंबर हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. हॉल निवारा म्हणून वापरायला देणार असल्याचे पत्र तहसीलदारांना आधीच द्या.

हॉल स्वतः बुडण्याच्या पट्ट्यात असेल तर त्याचा हट्ट सोडा आणि उंचावरच्या शाळेत जाऊन तिथल्या कामाला माणसे द्या. हॉल सुरक्षित असेल तर बाप्तिस्म्याची व लग्नाची रजिस्टरे, गीतपुस्तके, हार्मोनियम माळ्यावर चढवा, बाकडी भिंतीला लावा. बायकांसाठी वेगळी जागा, आडोसा आणि आत कडी असलेले संडास नसतील तर बाकी तयारी कितीही चांगली असली तरी बाया तिथे राहणार नाहीत. त्या पाण्यातल्या घराच्या माडीवर बसून राहतील. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा, त्यासाठी इन्व्हर्टर मेमध्येच तपासा. रात्रीच्या पाळीला दोन पुरुष आणि दोन बायका असाव्यात. येणाऱ्यांच्या नोंदवहीत नाव, गाव, आजार, चालू गोळ्या आणि नातेवाइकाचा फोन एवढेच लिहा. जातीचा आणि धर्माचा रकाना नको.

स्वयंपाकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माणसाचा मान इथे सांभाळला जातो किंवा जातो. 2019 चा पूर ऐन श्रावणात आला होता. आपल्या हॉलमध्ये येणाऱ्या कितीतरी घरांत त्या महिन्यात मांसाहार बंद असतो, सोमवार-शनिवार पाळले जातात. म्हणून चूल पूर्ण शाकाहारी ठेवा. उपासाच्या बायकांना कोपऱ्यात उपाशी बसायला लागू नये यासाठी शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी वेगळी काढा. नमाजासाठी कोणी जागा मागायच्या आधी ती दाखवा. भात-आमटी ताजी करून लगेच वाढा. बाहेर पाठवायची असेल तर भाकरी आणि कोरडी चटणीच बरी, कारण भात प्रवासात आंबतो. पहिल्या रात्रीसाठी भडंग, बिस्किटे आणि चहा-साखर हाताशी हवी. तान्ह्या मुलांच्या दुधाची सोय वेगळी करा.

साठा एकदम विकत घ्यायला लागू नये म्हणून महिला मंडळाने आत्तापासून घरोघरी डबा ठेवावा. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बाया 1910 पासून रोज स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. बुहफाई थाम म्हणतात त्याला. त्यांच्या मंडळ्यांचे केवढे काम त्या मुठीवर उभे आहे! आपणही रविवारी तांदूळ आणि तूरडाळ गोळा करू शकतो. पोरकिडे लागू नयेत म्हणून कोरड्या पिंपात भरायचे आणि पावसाळा संपला की उरलेले वाटून टाकायचे. बाकी सामान ठरलेलेच: ताडपत्री, सतरंज्या, बॅटऱ्या, काडेपेट्या, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड, ओआरएस, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. जुने कपडे घेऊ नका. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. देणाऱ्याला फारच द्यायचे असेल तर नवी अंतर्वस्त्रे आणि टॉवेल मागा.

जनावरांचा विचार नसलेली पूरयोजना आपल्या भागात चालत नाही. म्हैस गोठ्यात असताना मालक घर सोडत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण घराचा रोजचा पैसा तिथून येतो. म्हणून उंचावरची एखादी मोकळी जागा आधी ठरवा, तिच्या मालकाशी बोला, कडबा आणि पेंडीची पोती कोण देणार ते लिहून घ्या. उसाची ट्रॉली असलेल्या शेतकऱ्यांचे फोन यादीत हवेत. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962. वेळ उरलीच नाही तर निदान दावी सोडायला सांगा.

तरुण संघाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: पाण्यात उतरायचे नाही. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट उलटली आणि सुटकेला निघालेली माणसेच बुडाली. बोटीचे काम प्रशिक्षित पथकांचे. आपल्या मुलांनी काठावर उभे राहून उतरणाऱ्यांना हात द्यावा, नावे लिहावीत, म्हाताऱ्यांना खांद्यावर घ्यावे.

पैशाचा हिशेब वेगळ्या वहीत, दोन सह्यांनी, पावतीसह. फोटो काढताना घेणाऱ्याचा चेहरा नको. आणि मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालू नका. माझे यावर ठाम मत आहे. प्रार्थना कोणी मागितली तर पाळकसाहेब आहेतच, पण ओल्या अंगाने रांगेत उभ्या असलेल्या बाईला धान्यासोबत आपला संदेश घ्यायला लावणे हे येशूच्या नावाला शोभत नाही.

पाणी उतरल्यावर खरे लांबलचक काम सुरू होते आणि तोवर बाहेरची मदत आटलेली असते, तेव्हा माणसांचा निम्मा जोर यासाठी राखा. गाळ काढायला फावडी, पाट्या, गमबूट, हातमोजे आत्ताच जमवा. साफसफाईआधी पडझडीचे फोटो काढायला आणि तलाठ्याकडून पंचनामा होईपर्यंत पाठपुरावा करायला लिहिता-वाचता येणारा एक माणूस प्रत्येक गल्लीला द्या. गाळात काम करणाऱ्यांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच सांगा. मुलांची वह्या-दप्तरे शब्बाथ शाळेच्या शिक्षिकांकडे सोपवा. कोणत्या इयत्तेचे कोणते पुस्तक भिजले हे त्या शाळांकडून विचारून घेतील. भिजलेली आधारकार्डे, रेशनकार्डे सुकवायला दोऱ्या आणि चिमटे लागतील, तेही सामानाच्या यादीत लिहून ठेवा.