वहीत नुसतं ‘दुपारी जेवण’ लिहू नका : आहारनोंदीतल्या या चुका टाळा

आपल्या खाण्यातून प्रथिनं किती मिळतात, लोह आणि कॅल्शियम पुरतं का, हे घरच्या घरी तपासायचं तर आठवडाभर आहाराची नोंद ठेवण्यासारखा स्वस्त उपाय नाही. वही, पेन आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढ्यावर भागतं. पण बहुतेक नोंदी अशा असतात :

‘सकाळी चहा, पोहे. दुपारी जेवण. चारला चहा. रात्री हलकं, खिचडी.’

यातून एकही आकडा निघत नाही. तोच दिवस दुपारपर्यंत नीट लिहिला तर असा दिसतो :

‘७.१० : चहा १ कप (दूध ५० मिली, साखर २ चमचे). ९.०० : कांदेपोहे १ बशी (कोरडे पोहे ६० ग्रॅम, तेल २ चमचे, शेंगदाणे १ मूठ, वर लिंबू). १.३० : ज्वारीच्या भाकरी २, मेथीची भाजी १ वाटी, दाण्याचं कूट २ चमचे, तुरीचं वरण १ वाटी, भात अर्धी वाटी, लोणचं. जेवल्यावर लगेच चहा.’

याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण हिशोब करता येतो. आकडे विचित्र आले की लोक पोषणाचा हिशोब करणाऱ्या मोबाईल अ‍ॅपला दोष देतात. खरी गडबड बहुतेक वेळा त्याआधीच, पातेल्यातलं अन्न वहीत उतरताना झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक : शिजलेलं मोजायचं, कच्च्याचा आकडा लावायचा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत. आपल्याकडच्या धान्य-डाळी-भाज्यांसाठी आधार घ्यावा तो याच तक्त्यांचा. मात्र त्यातले आकडे कच्च्या पदार्थाच्या १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत. तूरडाळीसमोर साधारण २२ ग्रॅम प्रथिनं दिसतात ती कोरड्या डाळीची, आमटीची नव्हेत.

घरातलं उदाहरण घेऊ. रिकामं पातेलं ६४० ग्रॅम भरलं. आमटीला कोरडी डाळ १५० ग्रॅम घेतली. आमटी तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन १८४० ग्रॅम, म्हणजे आमटी १२०० ग्रॅम. तुमच्या वाटीत १६० ग्रॅम आली. १६० ला १२०० ने भागून १५० ने गुणलं की वाटीतली कोरडी डाळ निघते : २० ग्रॅम. प्रथिनं सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. हीच वाटी ‘तूरडाळ १६० ग्रॅम’ म्हणून तक्त्यात शोधली तर प्रथिनं ३५ ग्रॅमच्या घरात जातात, आठपट! ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम). म्हणजे एका वाटी आमटीत दिवसाची दोनतृतीयांशाहून जास्त गरज भागल्यासारखी वाटते आणि माणूस निर्धास्त होतो.

भाताचंही तेच. १०० ग्रॅम तांदळाचा साधारण ३०० ग्रॅम भात होतो, म्हणून भाताचं वजन तांदळाच्या रकान्यात टाकलं तर कॅलरी तिप्पट दिसतात. उपाय एकच : घरातल्या सगळ्या पातेल्यांची, कुकरच्या भांड्यांची रिकामी वजनं एकदा करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे फक्त वजाबाकी उरते.

वाटी कुणाची, भाकरी कशाची

‘एक वाटी’ हे माप नाही. कुणाची वाटी १०० मिलीची असते, कुणाची २०० ची. रोजच्या वापरातली एक वाटी ठरवा, तिच्यात काठोकाठ पाणी ओतून काट्यावर ठेवा. वाटीचं वजन वगळून जितके ग्रॅम तितके मिली. मोठा आणि छोटा चमचा याच पद्धतीने मोजून टाका.

भाकरीत तर दुहेरी घोळ आहे. एक म्हणजे आकार : प्रत्येकीचा हात वेगळा. पीठ परातीत घेतानाच तोला आणि झालेल्या भाकऱ्यांच्या संख्येने भागा. थापताना वापरलेलं पीठही त्यात धरा. दुसरं म्हणजे धान्य. वहीत ‘भाकरी २’ एवढंच असेल आणि प्रत्येकीला ६० ग्रॅम पीठ लागत असेल, तर नाचणीच्या दोन भाकरींतून ४०० मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळतं आणि ज्वारीच्या दोनांतून जेमतेम ३०-३५. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. एक शब्द न लिहिल्याने एवढी मोठी तफावत पडते. पालेभाजी म्हणजे कुठली, दूध गाईचं की म्हशीचं, दही घरचं की विकतचं, हेही लिहायला हवं ते याच कारणाने.

केळ्याची साल, बोंबील-बांगड्याचे काटे, आंब्याची कोय, मटणाची हाडं हे सगळं वजनातून वजा करायचं. ताटात उरलेलं एकदा तोललं की काम झालं.

तेल आणि मीठ ताटात मोजू नका

फोडणीतलं किती तेल आपल्या वाट्याला आलं, हे ताटाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि अंदाज नेहमी कमीच निघतो. त्यापेक्षा महिन्याचा हिशोब धरा. चार जणांच्या घरात ५ लिटरचा कॅन महिनाभर पुरतो असं समजू. ५ लिटर तेल म्हणजे साधारण ४.६ किलो, चार माणसं आणि ३० दिवसांनी भागलं की माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तुपाचं प्रमाण २७ ग्रॅम धरलं आहे. शिवाय या ३८ ग्रॅममध्ये तूप नाही आणि बाहेर खाल्लेला वडापावही नाही.

मीठही असंच. याच घरात महिन्याला १ किलोचा पुडा संपत असेल तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमहून जास्त होतं. मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पापड, फरसाण आणि विकतचं लोणचं वेगळं धरायचं.

‘ते काय, खाणं थोडंच आहे?’

वहीतून हमखास सुटतात त्या गोष्टी : चहा, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तिळाची चटणी, प्रसाद, चहासोबतची बिस्किटं, चव बघताना पोटात गेलेलं. चहा पाणी म्हणून सोडून देऊ नका. चार कप चहात ५० मिलीप्रमाणे दूध असेल तर २०० मिली दूध आणि २४० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम झालं. दोन चमचे साखरेप्रमाणे ४० ग्रॅमपर्यंत साखरही झाली. चहा कधी घेतला तेही लिहा. जेवणाला लागून घेतलेला चहा धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं लोह नीट शोषू देत नाही, तर लिंबू, आवळा, पेरू त्याच लोहाला मदत करतात. म्हणून वेळेचा रकाना हवाच.

इथे घरच्या बाईबद्दल वेगळं लिहायला हवं. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, उरलेली आमटी संपवते, मुलांच्या ताटातला घास उचलते, भाजी संपली असेल तर चटणीशी भाकरी खाते. घरातल्या मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त लोहाची शिफारस तिच्यासाठी आहे (प्रौढ स्त्रीला २९ मिलीग्रॅम, पुरुषाला १९) आणि सगळ्यात अपुरी नोंद तिचीच असते. तिने निदान नोंदीच्या आठवड्यात स्वतःचं ताट सगळ्यांबरोबर, आधी वाढून घ्यावं. घरातल्या इतरांनीही तेवढं बघावं.

परदेशी अन्नाचे आकडे

अ‍ॅपमध्ये ‘दूध’ किंवा ‘ब्रेड’ शोधल्यावर जी पहिली नोंद येते ती अनेकदा अमेरिकी असते. तिकडच्या दुधात सहसा ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. मैद्यात लोह आणि ब जीवनसत्त्वं घालतात, १९९८ पासून फॉलिक अ‍ॅसिडही सक्तीने घालतात. सकाळी गवळ्याकडून आलेल्या दुधाला ते आकडे लावले तर नसलेलं ड जीवनसत्त्व वहीत जमा होतं. पिशवीवर ‘+एफ’ चिन्ह असेल तरच पोषकं मिसळलेली धरा आणि आकडा पिशवीवरचाच घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत नेमकं उलटं होतं : तिथल्या दुकानातल्या दुधाला भारतीय तक्ता लावला की ड जीवनसत्त्व कमी दिसतं.

कुठले दिवस निवडले?

सोम, मंगळ, गुरू असे तीन दिवस लिहिले आणि घरात मासे-मटण बुधवार-शुक्रवार-रविवारी असेल, तर वही एका शाकाहारी माणसाची होते आणि बी१२ पार खाली दिसतं. चतुर्थी-एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्या दिवशीची प्रथिनं बहुतेक शेंगदाण्यांची. पण तो एक दिवस आठवड्यावर लादू नका. सलग सात दिवस उत्तम. जमत नसेल तर दोन कामाचे, एक सुट्टीचा, आणि उपवास करत असाल तर तो एक वेगळा. एवढ्यावर कॅलरी आणि प्रथिनांचा बरा अंदाज येतो. अ जीवनसत्त्व आणि बी१२ काही मोजक्याच पदार्थांतून येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तीन दिवस फारच तोकडे आहेत. श्रावणातली आणि आंब्याच्या दिवसांतली वही एकमेकींशी ताडून बघू नका.

आकडा खाली दिसला म्हणजे कमतरता नव्हे

शिफारस केलेलं प्रमाण, म्हणजे आरडीए, जवळजवळ सगळ्या निरोगी लोकांना पुरेल इतकं वर ठेवलेलं असतं. स्त्रियांच्या लोहाचा आरडीए २९ मिलीग्रॅम आहे, पण सरासरी गरज, ईएआर, १५ च आहे. वहीत २० आले म्हणून घाबरून गोळ्या आणू नका. तोंडातून किती गेलं एवढंच वही सांगते; रक्तात किती आहे ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ च्या तपासणीतच कळतं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडे जाताना वही सोबत न्या, पण नुसती बेरीज नको, मूळ पानंही न्या. मधुमेहाच्या औषधाची मात्रा वहीवरून स्वतः बदलू नका. आणि खाण्याचे आकडे लिहिताना जीव घाबरा होत असेल, घास अपराधी वाटू लागला असेल, तर नोंद तिथेच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

लिहायला लागलं की खाणंही बदलतं. लिहिण्याच्या कंटाळ्याने माणूस चिवडा टाळतो, मिसळीऐवजी दोन केळी खातो. पहिला दिवस सरावाचा समजून हिशोबातून वगळा. जेवायच्या आधी मोबाईलवर ताटाचा फोटो काढा, शेजारी मोजलेली वाटी ठेवून. वजनं रात्री भरली तरी चालतील. एखादा दिवस सुटला तर तो आठवून भरू नका, तारखेसमोर ‘नोंद नाही’ असं लिहा आणि पुढच्या आठवड्यातला तोच वार घ्या.