किती वाजता बांधलं?

बाबा फौजेतून मेडिक, म्हणजे जखमींवर जागेवरच पहिले उपचार करणारे, म्हणून निवृत्त झाले, पुढे मीही त्याच कामात शिरले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. नव्याने भरती होणारी मुलं विचारतात, आधी काय वाचू? पुस्तकं वाचाच. पण मला कामाला आलं ते बहुतेक घरातच शिकलेलं.

बॅगेचंच बघा. नवखा माणूस बॅगेत काय काय आहे ते पाठ करतो. खरं तर कुठे काय आहे ते हाताला माहीत हवं. मी चौदाएक वर्षांची असेन. बाबा मला डोळे मिटून टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, काढायला लावायचे. हात चुकून कात्रीवर पडला की एक शब्द न बोलता सगळं पुन्हा भरायचे आणि चेन लावायचे. मला तो खेळ वाटायचा. पुढे प्रशिक्षणात रात्रीच्या सरावाला दिवे घालवले, तेव्हा माझा हात बरोबर कप्प्यात गेला.

टूर्निकेट हातापायाला बांधायचं, जखमेच्या वर 5 ते 7 सेंटीमीटरवर. कोपर-गुडघ्यावर कधीच नाही. मग रक्त थांबेपर्यंत पट्ट्याची दांडी पिळून तो आवळायचा. नवखे नेमके इथेच कच खातात, कारण जखमी कळवळून ओरडतो. दया येऊन पट्टा सैल ठेवलात तर उलटंच होतं: धमनीतून रक्त येतच राहतं, शिरांची परतीची वाट मात्र बंद होते, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 5 लिटर. मांडीची धमनी फाटली तर हातात काही मिनिटंच असतात.

आणि बांधल्याची वेळ लिहायची. साधारण 2 तासांपर्यंत पायाला सहसा धोका नसतो, पुढे स्नायू आणि नसा बिघडत जातात. पट्टा कधी आणि कसा सोडायचा, हे सर्जन त्या आकड्यावरून ठरवतो. बाबांची ही खोड घरीही सुटली नाही. भावाच्या तापाच्या औषधावर चिकटपट्टी, तिच्यावर मात्रा आणि वेळ. आई म्हणायची, "घर आहे की छावणी?"

आधी कोणाला बघायचं, हे सगळ्यात अवघड. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचा. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारातही हेच आहे: क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर, जखमी कुठल्या बाजूचा यावर नाही. परीक्षेत हे लिहायला सोपं आहे. बाबा त्याबद्दल एकदाच बोलले. आपला एक जवान ओरडत होता, आणि पलीकडचा एक पोरगा गप्प पडला होता. ते आधी त्या पोराकडे गेले. "ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो गं." दोघांचं पुढे काय झालं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

एक घरचं सांगते. सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस बाबा कुणाशी धड बोलत नसत. आई आम्हाला लांब ठेवायची. आम्हाला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. तुम्ही घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. बाबांनी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी नर्सने त्यांना इंजेक्शन दिलं. ती वळते न वळते तोच त्यांनी डोळे उघडले. "वेळ लिहिलीस?" कागद हाताशी नव्हता. मी तळहातावर लिहिलं, 4.20, आणि हात त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो नीट वाचला, मगच डोळे मिटले.